दिवाळीचा फराळ आणि घरातील वीज



दिवाळी पंधरा दिवसांवर आली म्हणजे आपल्या घरोघरी हिशेबांना आरंभ होतो. रवा किती, साखर किती, तूप कोठून आणावयाचे, चकलीची भाजणी दळावयास केव्हा द्यावयाची, अनारशांचे तांदूळ कोणत्या दिवशी भिजत घालावयाचे, ह्या सर्व गोष्टींची टिपणे गृहिणीच्या मनात अगदी तोंडपाठ असतात. डबे घासून, उन्हात वाळवून ठेवले जातात. झारा, सोऱ्या, करंजीचे कातणे जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते. एवढ्या काटेकोर तयारीत एक वस्तू मात्र कोणाच्याही यादीत नसते, आणि ती म्हणजे घरातील वीज. ती भिंतीच्या आत असते, डोळ्यांना दिसत नाही, बटण दाबताच हजर होते. त्यामुळे ती अमर्याद आहे असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुतः प्रत्येक घरातील विजेला, डब्यातील तुपाप्रमाणेच, एक मर्यादा असते. ती कोणती, ती ओलांडली म्हणजे काय घडते, आणि ती ओलांडू नये म्हणून सणापूर्वी काय करावे, एवढ्याच गोष्टी आज मला आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबईस वीज पुरविणारे खोपोलीचे जलविद्युत्‌केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे मध्यमवर्गीय घरात वीज म्हणजे दोन-तीन दिवे, फार तर एखादा पंखा व रेडिओ, एवढाच तिचा अर्थ होता. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, पुढे स्टोव्हवर, त्यानंतर गॅसवर होत असे. दळण गिरणीतून येई, वाटण पाट्यावर होई, आणि अभ्यंगस्नानाचे पाणी बंबात तापे. त्या काळी ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या भिंतींत तारा घालताना कारागिरांनी जो अंदाज बांधला, तो त्या राहणीचा होता. आज त्याच घरांत इंडक्शन शेगडी आहे, ओव्हन आहे, मिक्सर आहे, पाणी उकळण्याची किटली आहे, गिझर आहे, शीतकपाट आहे. राहणी बदलली, उपकरणे बदलली. पुष्कळ ठिकाणी तारा मात्र त्याच राहिल्या. जुन्या इमारतींतून लाकडी पट्टीवर ठोकलेल्या, रबराच्या वेष्टनाच्या तारा अद्यापही कोठे कोठे आढळतात. हे रबर वयोमानाने कडक होते व तडकते. मधल्या काळातील कित्येक घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि स्क्रूखाली दाबलेली तार काही वर्षांनी सैल पडते. नेहमीच्या दिवशी ह्यातले काहीच जाणवत नाही. जाणवते ते वर्षातून एकदा, जेव्हा सगळी उपकरणे एकाच दुपारी एकदम कामास लागतात तेव्हा.

आता हिशेबाकडे वळू. हा हिशेब करण्यास कोणत्याही शास्त्राची पदवी लागत नाही. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा बुडाशी एक लहानशी पट्टी असते व तीवर एक आकडा आणि पुढे ‘वॉट’ असे लिहिलेले असते. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट. वॉटच्या आकड्यास २३० ने भागले म्हणजे ते उपकरण किती अँपिअर प्रवाह ओढते हे कळते. २००० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर असता सुमारे ८.७ अँपिअर ओढते. १६०० वॉटचा ओव्हन सुमारे ७ अँपिअर, ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर. शीतकपाट त्यामानाने अगदी मितभाषी. ते चालू असता त्याला शंभर-दीडशे वॉट पुरतात.

समजा, दुपारचे तीन वाजले आहेत. इंडक्शनवर शेव तळली जात आहे, ओव्हनमध्ये नानकटाई आहे, मिक्सरमध्ये लाडवांकरिता साखर दळली जात आहे आणि शीतकपाट चालू आहे. २००० अधिक १६०० अधिक ७५० अधिक १५०, म्हणजे एकूण ४५०० वॉट, अर्थात सुमारे साडेएकोणीस अँपिअर. आता पुष्कळ घरांत संपूर्ण स्वयंपाकघराला मिळून एकच सर्किट असते व त्याचे संरक्षण करणारा एमसीबी १६ अँपिअरचा असतो. म्हणजे ह्या दुपारी आपण मर्यादेच्या पलीकडे साडेतीन अँपिअर गेलो.

येथे पुष्कळांची एक समजूत असते, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. मर्यादा ओलांडली की एमसीबी आपोआप पडेल, आणि पडला नाही त्या अर्थी सर्व काही ठीक आहे, असे लोक धरून चालतात. परंतु एमसीबीची घडण तशी नाही. त्याच्यात दोन योजना असतात. तारा एकमेकींना भिडून प्रचंड प्रवाह वाहू लागला, तर त्यातील विद्युच्चुंबक क्षणार्धात मार्ग तोडतो. थोड्याशा अतिरिक्त भाराकरिता मात्र दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकली म्हणजे मग खटका पडतो, आणि तापण्यास वेळ लागतो. ठरलेल्या मानाप्रमाणे १६ अँपिअरच्या एमसीबीने सुमारे १८ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडता कामा नये, व सुमारे २३ अँपिअर झाले तर तासाच्या आत पडलेच पाहिजे. आपले साडेएकोणीस अँपिअर ह्या दोहोंच्या मधोमध येतात. तेव्हा तो अर्ध्या तासात पडेल, किंवा शेव तळून होईपर्यंत पडणारही नाही. तोवर भिंतीतील तारा आणि सॉकेटातील सांधे तापतच राहतात. सबब एमसीबी पडला नाही ही निर्धास्त राहण्याची खूण नव्हे.

आणि खरे पाहता तारेपेक्षा सांधाच अधिक घात करतो. विजेने तार तापते ती कोणत्या नियमाने, हे जेम्स प्रेस्कॉट जूल नावाच्या इंग्रज संशोधकाने १८४१ साली प्रसिद्ध केले. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा तो नियम आहे. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट. आता एखाद्या सॉकेटातील स्क्रू सैल पडला आहे आणि त्या जागी अवघा पाव ओहम रोध निर्माण झाला आहे, असे समजा. त्यातून ५ अँपिअर गेले तर तेथे सुमारे सहा वॉट उष्णता होते. प्लॅस्टिक जरा कोमट लागते, एवढेच. त्याच सांध्यातून १० अँपिअर गेले की २५ वॉट. रेडिओ दुरुस्त करणारे ज्या लहान हत्याराने डाग देतात, तेही पुष्कळदा २५ वॉटचेच असते, आणि त्याने धातूचे डाख वितळते. तितकी उष्णता बोटभर जागेत, बंद पेटीत, तासन्‌तास कोंडली तर प्लॅस्टिक काळे पडून वितळावयास काय वेळ? आणि ह्या प्रकारात एमसीबी काहीच करीत नाही. कारण त्याच्या दृष्टीने १० अँपिअर ही अगदी रास्त गोष्ट असते.

असा सांधा ओळखावा कसा? त्याला वाचा नसली तरी तो खुणा करतो. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडतो. जड उपकरण दहा मिनिटे चालवून, बटण बंद करून प्लग काढला असता त्याच्या पिना हाताला चांगल्याच गरम लागतात. प्लग खोचताना सैल बसतो, बटण दाबताना चर्रर्र आवाज येतो, प्लॅस्टिक जळाल्यासारखी किंवा माशासारखी उग्र दर्प येते आणि ती स्वयंपाकाच्या खमंग वासात हरवून जाते. मिक्सर सुरू करताच दिवा मंदावणे हीही एक खूण. घरातील काही दिवे एकाएकी प्रखर व काही मंद झाले, तर दोष बहुधा येणाऱ्या मुख्य तारांतच, न्यूट्रलच्या सांध्यात असतो. अशा वेळी मुख्य बटण बंद करून वीज पुरविणाऱ्या कंपनीस त्वरित कळवावे.

सॉकेटसंबंधी एक साधा नियम ध्यानात ठेवावा. आपल्याकडे सॉकेट दोन आकारांचे असतात. लहान ते ६ अँपिअरचे, मोठे ते १६ अँपिअरचे. जुन्या घरांतून हेच ५ व १५ अँपिअरचे म्हणून ओळखले जात. लहान सॉकेटची ताकद १३८० वॉट, मोठ्याची ३६८० वॉट. मिक्सर लहानावर चालेल. इंडक्शन, ओव्हन, गिझर ह्यांना मोठेच हवे. ह्यांचे प्लग मुद्दाम जाड केलेले असतात ते लहान सॉकेटात शिरू नयेत म्हणूनच. परंतु बाजारात एक जोड मिळतो, ज्याच्या योगे जाड प्लग लहान सॉकेटात बसविता येतो. ही चतुराई नव्हे. पहारेकऱ्याला बाजूस सारून दार उघडण्याचा तो प्रकार आहे. तीच गोष्ट एक्स्टेन्शन बोर्डाची. त्यावर चार भोके दिसतात म्हणून चार उपकरणे लावावीत असा त्याचा अर्थ नसतो. त्या चारही भोकांना मिळून मागे एकच तार आहे, आणि पुष्कळदा ती ६ अँपिअरच्या योग्यतेची असते. तिचे वेटोळे करून फडताळामागे खुपसले तर उष्णतेला बाहेर पडण्यास वावच राहत नाही. इंडक्शन आणि ओव्हन एक्स्टेन्शन बोर्डावर मुळीच लावू नयेत.

जुन्या घरांत एमसीबीऐवजी चिनी मातीचे फ्यूज असतात. फ्यूजमधील बारीक तार ही हुतात्मा होण्याकरिताच ठेवलेली असते. ती वितळते व घर वाचते. ती वारंवार जळू लागली म्हणजे घरातील एखादा कर्ता पुरुष वैतागून तेथे जाड तांब्याची तार गुंडाळतो आणि ‘आता बघा कशी जळते ती’ असे अभिमानाने सांगतो. फ्यूज खरोखरच जळत नाही. पुढे जळावयाचे ते भिंतीतील तारेने. हाच प्रकार एमसीबीच्या बाबतीतही घडतो. १६ चा काढून ३२ चा बसवा म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एमसीबीचा आकडा हा भिंतीतील तारेच्या जाडीवरून ठरतो, आपल्या गरजेवरून नव्हे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेस शोभणारा एमसीबी तिच्याहून मोठा केला, तर तार वितळेपर्यंत तो स्वस्थ बसेल. अधिक शक्ती हवी असेल तर अधिक जाड तार व स्वतंत्र सर्किट घालणे हाच एक मार्ग आहे.

आतापर्यंत आगीविषयी बोललो. माणसाच्या जिवाविषयी दोन शब्द. स्वयंपाकघरात हात ओले असतात, ओटा ओला असतो, पाय पुष्कळदा अनवाणी असतात. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यास सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगातील लांब व जाड पीन तीच. ती लांब अशासाठी की, प्लग खोचताना तिचा सांधा सर्वांआधी जुळावा व काढताना सर्वांनंतर सुटावा. ती पीन कापून टाकणे किंवा दोन पिनांच्या सॉकेटवर भागविणे म्हणजे ती वाट बुजविणे होय. ह्याखेरीज आरसीसीबी नावाचे एक साधन मुख्य पेटीत बसविता येते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ह्यांची ते अखंड तुलना करते. त्यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे वीज कोठे तरी, कदाचित एखाद्या माणसाच्या देहातून, जमिनीत जात आहे असे समजून ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडते. एमसीबी तारेचे रक्षण करतो, आरसीसीबी माणसाचे. त्यावर चाचणीचे एक लहान बटण असते. ते दाबताच वीज गेली पाहिजे. कित्येक घरांत हे बटण बसविल्या दिवसापासून कोणी दाबलेलेच नसते. ह्या दिवाळीपूर्वी ते अवश्य दाबून पाहावे. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्यावी. दोन बोटे दोन्ही तारांना एकदमच लागली, तर तफावत पडत नाही व आरसीसीबीलाही काही उमगत नाही. तेव्हा सावधपणास पर्याय नाही.

मग सणापूर्वी करावयाचे ते काय? पहिली गोष्ट, दिवाळीआधी पंधरा दिवस परवानाधारक वायरमनला बोलवावे. आदल्या दिवशी तो मिळत नाही, आणि मिळालाच तर घाईत असतो. त्याच्याकडून मुख्य पेटीतील व स्वयंपाकघरातील प्रत्येक सॉकेटातील स्क्रू आवळून घ्यावेत, डागाळलेले सॉकेट बदलून घ्यावेत, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि घर तीस-चाळीस वर्षांचे असेल तर मेगर नावाच्या यंत्राने तारांच्या वेष्टनाची परीक्षा करवावी. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे त्याच्याकडून समजावून घेऊन प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवावी. दुसरी गोष्ट, वीजबिल काढून त्यावरील ‘मंजूर भार’ हा आकडा पाहावा. तो किलोवॉटमध्ये असतो. आपली नित्याची गरज त्याहून अधिक असेल, तर तो वाढवून मिळण्यासाठी अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट पैशाची नसून क्रमाची आहे, आणि ती आपल्या गृहिणींना शिकवावी लागत नाही. चार पदार्थ एकाच कढईत एकदम तळता येत नाहीत, म्हणून त्या त्यांचा क्रम लावतात. तोच क्रम विजेचा लावावयाचा. साखर व वेलची सकाळीच दळून ठेवावी. ओव्हन चालू असेल तेव्हा तळण गॅसवर घ्यावे, किंवा ओव्हन थंड झाल्यावर इंडक्शन लावावी. कपड्यांची इस्त्री त्या दुपारी नकोच. आणि नरकचतुर्दशीची पहाट विशेष जपावी. त्या दिवशी एकाच वेळी घरोघरचे गिझर चालू असतात, त्यातच चहाची किटली, त्यातच दिव्यांच्या माळा. साऱ्या इमारतीचा भार त्या तासाभरात एकवटतो. पाणी तापले की गिझर बंद करावा, मग किटली लावावी. अभ्यंगस्नानाचा मुहूर्त एवढ्याने चुकत नाही.

माळांचा उल्लेख आला, म्हणून सांगतो. हल्लीच्या एलईडीच्या माळा फारच थोडी वीज घेतात, त्यांच्या भाराची चिंता नको. चिंता आहे ती त्यांच्या जोडण्याची. प्लग नाही म्हणून तारांची बोडकी टोके सॉकेटात खोचून आगकाडीने पाचर मारण्याचा प्रघात अजून सुटलेला नाही. तो ह्या वर्षी सोडावा. गॅलरीच्या लोखंडी कठड्याभोवती माळ गुंडाळण्यापूर्वी तिचे वेष्टन कोठे फाटले नाही ना, हेही पाहावे.

शेवटी एक गोष्ट थोड्या आग्रहाने सांगावयाची आहे. आपल्या बहुसंख्य घरांत विजेची पेटी हा पुरुषांचा प्रांत समजला जातो आणि ओटा हा स्त्रियांचा. घरातील सर्वांत अधिक वीज जेथे खर्च होते, त्या जागी दिवसभर उभी असते ती गृहिणी; आणि एमसीबी कोणता बंद करावयाचा हे जिला ठाऊक नसते, तीही पुष्कळदा गृहिणीच. दुपारी तीन वाजता धूर निघाला, तेव्हा घरातील जाणकार कचेरीत असतात. म्हणून ज्या हातात झारा, त्याच हाताला मुख्य बटण माहीत असले पाहिजे. ते उंचावर असेल तर तेथे पोहोचता येईल अशी व्यवस्था हवी. त्यापुढे फराळाच्या डब्यांची उतरंड नको. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनाही ते दाखवून ठेवावे, घरातील मोठ्या मुलांनाही.

प्रसंग आलाच तर काय करावे हे सर्वांना पाठ असावे. विजेची आग दिसली तर प्रथम मुख्य बटण बंद. तोवर पाणी मुळीच नाही. कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावरही पाणी नाही. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे आणि ती पूर्ण निवेपर्यंत उघडू नये. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला असेल, तर त्याला हात लावू नये. आधी पुरवठा तोडावा, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी वस्तूने त्याला दूर करावे. अग्निशामक दलाचा क्रमांक १०१, आणि कोणत्याही संकटासाठी ११२. हे दोन आकडे मुख्य पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावेत.

ही सारी तयारी एका सकाळची आहे. त्या सकाळी फराळाच्या यादीत, रवा, साखर व तूप ह्यांच्या खालोखाल एक ओळ वाढवावी: वायरमनला निरोप. आपणा सर्वांना ही दीपावली सुखाची आणि निर्धोक जावो.